बोट कुठे थांबावे

वेबसाइट तयार करणाऱ्यांच्या बैठकीत एक वाद हमखास रंगतो. सगळी माहिती एकाच लांबलचक पानावर ठेवून वाचकाला खाली खाली जाऊ द्यावे, की तिचे भाग पाडून एकेक पान क्लिक करून उघडायला लावावे? दोन्ही बाजूंकडे नियम तयार असतात. एक म्हणतो, लोक स्क्रोल करत नाहीत. दुसरा म्हणतो, तीन क्लिकांत काम झाले नाही तर माणूस निघून जातो. दोन्ही नियम जुने आहेत आणि दोन्ही प्रत्यक्ष माणसांवर तपासूनही झाले आहेत. तरी ते पुन्हा पुन्हा पुढे केले जातात, कारण त्यांत कष्ट मोजायची सोय आहे: इतकी बोटे फिरवली, इतकी बटणे दाबली. पण वेबसाइट वापरणाऱ्याचे खरे कष्ट बोटाचे नसतात, ठरवण्याचे असतात. स्क्रोल म्हणजे जे चालले आहे ते पुढे चालू ठेवणे आणि क्लिक म्हणजे निवड करणे. सरळ रस्त्याने चालत राहायला विचार लागत नाही, फाट्यावर मात्र थांबून पाटी वाचावी लागते. वेबसाइटची रचना करताना हा फरक पाहायला हवा, असे माझे मत आहे.

आधी पहिला नियम घेऊ. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९६ साली वेबरचनेतल्या दहा मोठ्या चुकांची यादी केली, तीत लांबलचक पाने ही एक चूक होती. पान उघडल्यावर जे समोर दिसते त्याच्या खाली जेमतेम दहा टक्के लोक जातात, असे त्यांचे तेव्हाचे निरीक्षण होते. ते खोटे नव्हते. त्या काळचे पडदे लहान होते. खाली जायचे तर उजव्या कडेची बारीक पट्टी माउसने नेमकी पकडून ओढावी लागे. शिवाय संगणकावरचे बरेचसे काम एका खिडकीत मावणाऱ्या चौकटींत होत असे, त्यामुळे खाली आणखी काही असेल अशी अपेक्षाच नसे. १९९६ मध्येच मायक्रोसॉफ्टचा चाक असलेला माउस बाजारात आला आणि १९९७च्या अखेरीस नील्सन यांनी स्वतःच हा नियम मागे घेतला. पुढे २००७ साली आयफोनने बोटाच्या एका फटकाऱ्यासरशी पान वाहते ठेवण्याची सवय लावली. नियम मागे घेतला गेला, पण त्याचा धाक अजून गेलेला नाही. आजही अनेक संस्थांच्या मुखपृष्ठावर पहिल्याच पडद्यात सगळे कोंबण्याची धडपड दिसते.

या धडपडीमागे एक भक्कम आकडा आहे, तो टाळून चालणार नाही. नील्सन नॉर्मन ग्रुप या संस्थेने डोळ्यांच्या हालचाली टिपून लोक पानाच्या कोणत्या भागाकडे किती वेळ पाहतात हे मोजले. २०१० साली सुमारे ८० टक्के वेळ पहिल्या पडद्यावरच जात होता. २०१८ साली तो ५७ टक्क्यांवर आला, आणि पहिले दोन पडदे मिळून ७४ टक्के झाले. म्हणजे लोक पूर्वीपेक्षा बरेच खाली जातात, तरी वरच्या भागाचे महत्त्व टिकून आहे. घडी घातलेल्या वर्तमानपत्राच्या वरच्या अर्ध्या भागात मुख्य बातमी का देतात, हे संपादकांना यापूर्वीच ठाऊक होते. पण ‘वरचे महत्त्वाचे’ यातून ‘सगळे वर’ असा अर्थ निघत नाही. पहिल्या पडद्याचे काम वाचकाला पुढे जाण्याचे कारण देणे हे आहे. खाली काही शिल्लक आहे याची खूणही तिथेच हवी. एखादे मोठे छायाचित्र नेमके पडद्याच्या कडेला संपले तर पान तिथेच संपल्यासारखे वाटते. छायाचित्राखालच्या मजकुराची एखादी ओळ अर्धवट जरी दिसली तरी बोट आपोआप खाली जाते.

सगळे वर बसवण्याचा आणखी एक लाडका उपाय म्हणजे आपोआप सरकणारी चित्रे. कुलगुरू, उद्घाटन, प्रवेश सूचना, पुरस्कार असे चार-पाच फलक एकाच जागी आळीपाळीने येतात. प्रत्येक विभागाला मुखपृष्ठावर जागा मिळाल्याचे समाधान मिळते, आणि हा उपाय टिकण्याचे खरे कारण तेच असावे. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या मुखपृष्ठावरच्या अशा फलकांची मोजणी झाली तेव्हा जेमतेम एक टक्का लोकांनी त्या फलकांवर क्लिक केल्याचे दिसले, आणि त्यातलेही बहुतेक पहिल्याच फलकावर. तीच चित्रे एकाखाली एक ठेवली असती तर ती निदान डोळ्यांखालून गेली असती.

आता तीन क्लिकांचा नियम. २००३ साली यूजर इंटरफेस इंजिनिअरिंग या संस्थेने ४४ माणसांनी केलेली ६२० कामे तपासली. पंधरा-वीस क्लिकांनंतर काम पुरे करणारे लोक त्यात होते आणि दोन-तीन क्लिकांत वैतागणारेही होते. क्लिकांची संख्या आणि काम सोडून देणे यांचा मेळ बसला नाही. लोक वैतागत होते ते हवे ते न सापडल्याने. याचे अधिक खोल स्पष्टीकरण झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातल्या पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी आधीच दिले होते. त्यांच्या मते माणूस माहितीचा शोध प्राणी भक्ष्य शोधतो तसा, माग काढत घेतो. प्रत्येक दुव्याच्या शब्दांतून पलीकडे काय आहे याचा सुगावा लागत असतो. सुगावा पक्का होत गेला तर दहा पावलेही जड वाटत नाहीत. ‘इतर सेवा’, ‘संकीर्ण’, ‘अधिक माहिती’ अशा दुव्यांशी तो तुटतो, आणि मग एकच क्लिकही जुगार होतो.

महाराष्ट्रातले एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी वेबसाइटवर सातबारा पाहायचा तर आधी जिल्हा, मग तालुका, गाव निवडावे लागते आणि शेवटी गट क्रमांक किंवा खातेदाराचे नाव द्यावे लागते. पायऱ्या मोजणारा म्हणेल, फार झाल्या. पण राज्यात ३६ जिल्हे, साडेतीनशेहून अधिक तालुके आणि चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. एकाच नावाची गावे वेगवेगळ्या तालुक्यांत असतात, हा घोळ वेगळाच. ही सगळी गावे एका पानावर ओळीने लावली तर क्लिक वाचतील आणि गाव सापडणार नाही. इथली प्रत्येक पायरी सोपी आहे, कारण तिचे उत्तर शेतकऱ्याला तोंडपाठ असते. फाट्यावरची पाटी त्याच्या रोजच्या भाषेत असते. उलट, एकदा सातबारा उघडला की निवडीचे काम संपते. गाव नमुना सातमध्ये भोगवटादार, क्षेत्र, आकार, फेरफार क्रमांक, इतर अधिकार. त्याखाली बारामध्ये पिकांची नोंद. या नोंदी एकमेकींशी पडताळून वाचायच्या असतात. ‘इतर अधिकार पाहण्यासाठी पुढील पान’ असे बटण तिथे घातले तर बँकेचा बोजा आहे की नाही हे पाहताना वरचे नाव नजरेआड होईल. शोधताना क्लिक आणि वाचताना स्क्रोल अशी दोन्हींची जागा एकाच कामात स्पष्ट दिसते.

यावर एक आक्षेप सहज येतो. आज बहुतेक लोक वेबसाइट मोबाइलवर पाहतात. अंगठ्याने पान सरकवणे जवळजवळ फुकट आहे आणि नवे पान उघडायला कमकुवत नेटवर्कवर वाट पाहावी लागते. मग सगळे एकाच पानावर का नको? वाचायच्या मजकुरापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. एक लेख सहा पानांत तोडणे किंवा बारा छायाचित्रांसाठी बारा वेळा पान उघडायला लावणे यात वाचकाचा काहीच लाभ नाही. पाहिलेल्या पानांची संख्या तेवढी वाढते आणि तिच्याबरोबर जाहिराती. पण भरायच्या अर्जांना हा न्याय लावता येत नाही. चाळीस रकान्यांचा अर्ज एका पानावर दिला की शेवटी ‘सबमिट’ दाबल्यावर वर कुठेतरी लाल अक्षरांत चूक उमटते, ती शोधत पुन्हा वर जायचे, पिनकोड दुरुस्त करायचा, आणि तोवर कॅप्चा बदललेला असतो. ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटने म्हणूनच एका पानावर एकच गोष्ट विचारण्याची पद्धत स्वीकारली. तिथे क्लिक वाढतात. पण चूक जिथल्या तिथे कळते, दिलेली माहिती टप्प्याटप्प्याने जतन करता येते आणि ‘विवाहित नाही’ असे उत्तर देणाऱ्याला जोडीदाराबद्दलचे सहा प्रश्न दिसतच नाहीत. अर्जात प्रत्येक उत्तर ही निवडच असते, म्हणून तिथे थांबणे रास्त आहे.

स्क्रोल सोपा असण्याची एक काळी बाजूही आहे. २००६ साली इंटरफेस रचनाकार एझा रास्किन यांनी शेवट नसलेल्या पानाची कल्पना मांडली: तळाशी पोहोचण्याआधीच पुढचा मजकूर आपोआप येऊन जोडला जातो. ‘पुढचे पान’ हे बटण गेले, आणि ‘आता पुरे’ असे ठरवण्याची जागाही गेली. समाजमाध्यमांनी ती रचना कशी वापरली हे सगळे पाहत आहेत. रास्किन यांनी स्वतः पुढे त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. करमणुकीत जे चालते ते खरेदीत चालतेच असेही नाही. हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या एट्सीने शोधाचे निकाल असे अखंड वाहते केले, तर लोक निकालांतल्या वस्तूंवर कमी क्लिक करू लागले, आणि ती सोय काढून टाकावी लागली. पानांचे क्रमांक असले की ‘तिसऱ्या पानावर पाहिलेली ती पिशवी’ अशी आठवण ठेवता येते. अखंड प्रवाहात परतायचे ठिकाणच उरत नाही. अशा पानाच्या तळाशी दिलेला संपर्क क्रमांक किंवा तक्रारीचा दुवा हाती लागत नाही, कारण तळ सतत खाली पळतो. मधला मार्ग साधा आहे: वीस-पंचवीस नोंदींनंतर ‘आणखी दाखवा’ हे बटण. एका क्लिकचा हा खर्च मला पूर्ण योग्य वाटतो.

लांब पान वापरायचेच तर त्यात ये-जा करण्याची सोय हवी, आणि इथे दृष्टिहीन वाचकांची गरज सर्वांच्या कामाची ठरते. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मथळ्यांवरून उडी मारू देते. पण मथळा हा खराखुरा मथळा म्हणून नोंदवलेला असेल तरच. नुसती ठळक, मोठी अक्षरे त्याला दिसत नाहीत. तेच मथळे वर अनुक्रमणिकेसारखे दिले तर डोळस वाचकालाही हव्या त्या भागात एका क्लिकवर पोहोचता येते. विकिपीडियावरचे लांब लेख त्यामुळेच वापरता येतात. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांच्या २०२३ साली आलेल्या आवृत्तीत बटणाचा किमान आकारही सांगितला आहे, कारण थरथरत्या हाताला शेजारशेजारच्या दोन बारीक दुव्यांतला एक नेमका दाबता येत नाही. त्याआधीच्या, २०१८च्या आवृत्तीने आडव्या स्क्रोलवर बोट ठेवले होते: अरुंद पडद्यावर मजकूर वाचताना पान डावीकडे-उजवीकडे ओढावे लागू नये. तक्त्यांना त्यातून सूट आहे. मराठी वाचकांना मोबाइलवर सर्वाधिक त्रास मात्र तक्त्यांचाच होतो, मग ती निकालाची यादी असो, मतदार यादी असो की बाजारभाव. नाव डावीकडे, आकडा उजवीकडे, आणि दोन्ही एका वेळी पडद्यावर मावत नाहीत. प्रत्येक नोंद उभी मांडली, नाव वर आणि त्याखाली त्याचे आकडे, तर पान लांब होईल. अंगठा ते आनंदाने सरकवेल.