दाराचं पॅनेल पुन्हा पुन्हा का फुगतं? एका जुन्या एमजीबीचं दार उघडून बघू

हा भाग ऐकून बऱ्याच जणांनी मेसेज केले, की "हातात पाना असताना मोबाईल मागे-पुढे करणं जमत नाही, लिहून टाक ना." म्हणून हे लेखी रूप. बोलताना मी दोनदा विषय सोडून भरकटलो होतो, तेवढं गाळलंय. बाकी तसंच आहे.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, सध्या इंग्लंडमध्ये. माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. इथे सगळे त्यांना नावानेच हाक मारतात, मला अजून जमत नाही. या भागात त्यांना आपण आजोबा म्हणू. आजोबांकडे १९७२ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे वर कापडी हूड असलेली दोन सीटची गाडी. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त. ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटलं की इथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा हीच येते. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात, आणि गॅरेज नसलेला माणूसही ती सांभाळू शकतो.

आजोबांना ही गाडी या उन्हाळ्यात नातीच्या हातात द्यायची आहे. अडचण दिसायला छोटी होती. ड्रायव्हरच्या दाराचं आतलं पॅनेल खालून फुगून बाहेर आलं होतं, रेक्झिन सुटलं होतं, दार लावताना पॅनेलची कड सीटला घासायची. मुद्दा असा, की हे पॅनेल जुनं नव्हतंच. तीन वर्षांपूर्वी त्यांनी नवी जोडी विकत घेऊन बसवली होती. त्याआधीचीही अशीच गेली होती.

आमच्या धंद्यात एखादा बग दुरुस्त केल्यावर पुन्हा तसाच्या तसा आला, तर तुम्ही चुकीच्या जागी हात घातलाय असं धरून चालतात. पॅनेल फुगलं म्हणून पॅनेल बदललं. पण पॅनेलला पाणी लागलं कुठून?

इथे एक गोष्ट आधी समजून घ्या. ती बहुतेकांना माहीत नसते आणि ती जगातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीला लागू आहे. गाडीच्या दारात पाणी जातंच, आणि ते जाणार हे धरूनच दार बनवलेलं असतं. काच खाली जाते त्या फटीला बाहेरून एक रबरी पट्टी असते. ती काच पुसते, पण फट पूर्ण बंद करत नाही, करू शकत नाही. पाऊस पडला की थोडं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतं. पोटाच्या तळाला भोकं असतात, तिथून ते बाहेर पडतं. आणि दाराचं पोखरलेलं आतलं पत्रं आणि तुमचं सुंदर पॅनेल यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा पडदा असतो, पाणी पॅनेलपर्यंत येऊ नये म्हणून. पडदा दिसायला अगदी भिकार असतो, किराणा दुकानातल्या पिशवीसारखा. त्यामुळे दार उघडणारा प्रत्येक जण तो फाडून फेकून देतो.

एमजीबीचं पॅनेल म्हणजे साधारण तीन मिलीमीटरचा हार्डबोर्ड, त्यावर पातळ स्पंज, त्यावर रेक्झिन. हार्डबोर्ड म्हणजे दाबलेला लाकडाचा लगदाच. पाणी लागलं की पाव चहात बुडवल्यासारखा फुगतो, आणि पावासारखाच, वाळला तरी पूर्वीचा आकार घेत नाही.

आता पॅनेल काढायचं कसं ते सांगतो. सुरुवात करण्याआधी काच पूर्ण वर करा आणि मोबाईलवर हँडलचा फोटो काढून ठेवा. काच फिरवायचं हँडल कोणत्या कोनात उभं होतं, हे परत बसवताना हमखास विसरतं, आणि दोन दारांची हँडल दोन दिशांना तोंड करून असली की गाडी उगाच वेडीविद्री दिसते. या हँडलला मधोमध एक स्क्रू असतो. तो काढला की हँडल आणि त्यामागची चकती बाहेर येते. दार ओढायच्या हँडलला दोन स्क्रू. आतून दार उघडायच्या खटक्याभोवतीची प्लास्टिकची चौकट दोन तुकड्यांत असते. ती पन्नास वर्षं जुनी आहे हे लक्षात ठेवून बोटांनी, सावकाश सोडवा. थंडीत प्लास्टिक जास्त ठिसूळ होतं, तेव्हा हेअर ड्रायर दोन मिनिटं फिरवलात तर बरं.

स्क्रूबद्दल एक गोष्ट. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांवर फिलिप्ससारखे दिसणारे पण फिलिप्स नसलेले स्क्रू बरेचदा भेटतात. त्यांना पॉझिड्राइव्ह म्हणतात. डोक्यावरच्या फुलीच्या मधे तिरक्या बारीक रेघा दिसल्या तर पॉझिड्राइव्हचाच बिट लावा. फिलिप्सचा लावलात तर तो निसटतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो.

मग उरतं पॅनेल. सुरुवातीच्या एमजीबींमध्ये ते कडेने स्क्रू आणि वाटीसारख्या वॉशरनी धरलेलं असतं, नंतरच्या गाड्यांत मागून स्प्रिंग क्लिपा असतात. आजोबांची क्लिपांची. क्लिप जिथे असेल, त्याच्या अगदी शेजारी रुंद, चपटं काहीतरी सरकवायचं (मी प्लास्टिकची रंगाची पट्टी वापरली) आणि क्लिप सरळ बाहेर ओढायची. लांबून पॅनेल धरून खेचलं तर क्लिप पत्र्यात राहते आणि हार्डबोर्डचा तुकडा तिच्यासोबत. खालून सुरुवात करा, मग बाजू, वरची कड सगळ्यात शेवटी. ती वरच्या पट्टीला कशी अडकलीय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय जोर लावू नका.

पॅनेल निघालं आणि उत्तर समोर होतं. पडदा नव्हताच. कोपऱ्यात जुन्या चिकटपट्टीचे चार काळे तुकडे तेवढे होते. आणि खालच्या पुढच्या बाजूला पत्र्याला करवतीने पाडलेलं गोल भोक होतं. कधीतरी कुठल्यातरी मालकाने कुणाकडून तरी स्पीकर बसवून घेतला असणार. स्पीकर गेला, भोक राहिलं.

हातमोजे घालून मगच आत हात घाला. दाराच्या पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात. आणि काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेचा एकही बोल्ट सैल करायचा असेल, तर आधी काच वरच्या वर चिकटपट्टीने दाराच्या कडेला बांधून ठेवा. नाहीतर ती खाली येते, तुमची बोटं मधे असतानाच.

त्यानंतर आम्ही एक प्रयोग केला. या भागातलं एकच काम कराल तर हे करा. पॅनेल काढलेलं, काच वर, आणि बाहेरून काचेवर हळूहळू एक तांब्या पाणी ओतायचं. आतून टॉर्च मारून बघायचं. आजोबा पाणी ओतत होते, मी आत बघत होतो. काचेवरून उतरलेलं पाणी यंत्रणेच्या दांड्यावर आलं, दांड्यावरून ओघळत आतल्या पत्र्याच्या कडेवर थबकलं, आणि तिथून थेंब थेंब, बरोब्बर जिथे हार्डबोर्ड टेकतो तिथे. तीन वर्षं प्रत्येक पावसात हेच चाललं होतं. बाकीचं पाणी तळाला गेलं आणि तिथेच साचून राहिलं. तळाची भोकं चिखलाने बुजली होती.

इथे मला जरा धास्ती वाटली. पॅनेल वाकडं झालं तर पैसे जातात, तळ गंजला तर दार जातं. दाराच्या बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या सांगाड्यावर दुमडलेली असते आणि साचलेलं पाणी नेमकं त्या दुमडीत मुरतं. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे गंजाला मेजवानीच. शिवाय चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांना २०१८पासून इथे वार्षिक तपासणीची सक्ती नाही. ऐकायला सवलत छान आहे, पण त्याचा अर्थ असा, की वर्षातून एकदा कुणीतरी तिऱ्हाईत माणूस गाडीखाली वाकून बघतो तेही बंद. आता नात ती चालवणार असेल, तर बघायचं आपणच.

स्क्रूड्रायव्हरचं टोक तळाच्या दुमडीवर ठोकत गेलो. टण् आवाज म्हणजे पत्रा शाबूत, भुसभुशीत लागलं किंवा टोक आत गेलं तर वेल्डिंगवाल्याकडे जायचं. आमचं नशीब बरं, वरवरचा गंज होता. भोकं लाकडी काडीने मोकळी केली. तारेने करू नका, उरलासुरला रंगही खरवडला जातो. मग दोन दिवस दार उघडं ठेवून पूर्ण वाळवलं, तारेच्या ब्रशने गंज घासला, गंजरोधक प्रायमर आणि रंग दिला, आणि तो वाळल्यावर पोकळीत फवारायचं मेण मारलं. ते पातळ असताना दुमडीत शिरतं आणि मग घट्ट होतं. मारून झालं की तळाच्या भोकांत पुन्हा काडी घालून बघा. मेणानेच भोकं बुजवून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्यात. तेवढ्यात काचेच्या यंत्रणेला ग्रीसही लावून घ्या, परत कधी उघडाल सांगता येत नाही.

पॅनेलचं काय केलं? बोर्ड थोडाच वाकला असेल, तर पूर्ण वाळवून दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली आठवडाभर ठेवला की बराचसा सरळ होतो. आमच्या बोर्डाचे खालून पापुद्रे सुटले होते, म्हणून नवा कापला. तीन मिलीमीटरचा मरीन प्लाय घेतला. एमडीएफ स्वस्त मिळतं, पण पाण्याच्या बाबतीत तो हार्डबोर्डचाच भाऊ. जुना बोर्ड वर ठेवून पेन्सिलने रेघ मारायची, क्लिपांची भोकं तंतोतंत त्याच जागी पाडायची. मग दोन्ही बाजूंना, कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूलाही वॉर्निश. बाजारात नवीन मिळणाऱ्या पॅनेललासुद्धा बसवण्याआधी मागून वॉर्निशचा हात द्या असं माझं मत आहे. अर्ध्या तासाचं काम आहे.

रेक्झिन जुनंच वापरलं. हेअर ड्रायरने कोमट करत एका कोपऱ्यापासून सावकाश सोलत जायचं. त्यावरच्या उभ्या रेघा शिवलेल्या नसतात, उष्णतेने दाबलेल्या असतात. हीट गनसारखी जास्त गरम हवा लागली तर त्याच रेघांवर ते फाटतं. चिकटवायला कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह, म्हणजे आपल्याकडे सुतार सनमायका लावताना वापरतात तो पिवळट रबरी गोंद. दोन्ही बाजूंना लावायचा, हाताला चिकटेनासा झाला की जोडायचं. उन्हात उभ्या गाडीचं दार चांगलंच तापतं, म्हणून डब्यावर उष्णता सहन करणारा असं लिहिलेला घ्या. आधी मधला भाग, मग कडेला ताणत मागे दुमडायचं.

आता पडदा. बांधकामात ओलीसाठी वापरतात तसला जाड पॉलिथिन कागद घ्या. चिकटवायला ब्युटाइलची पट्टी, ती वर्षानुवर्षं मऊ राहते आणि पुन्हा उघडता येते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र नको, त्यातून सुटणारं ॲसिड लोखंडाला गंज आणतं. हँडलच्या दांड्यासाठी मोठं भोक न कापता छोटी फुली मारा. स्पीकरच्या त्या जुन्या भोकावर आम्ही आधी पत्र्याची चकती बसवली, मग वरून पडदा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पडद्याची खालची कड. ती बाहेरून पत्र्यावर चिकटवायची नाही. ती खालच्या फटीतून दाराच्या पोटात सोडायची. कोकणातलं कौलारू घर आठवा. वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं, उलटं नाही. तसंच पडद्यावरून ओघळलेलं पाणी पोटात पडलं पाहिजे, पॅनेलच्या बाजूला नाही. खालची कड बाहेर राहिली तर पडदा पन्हाळीचं काम करतो आणि सगळं पाणी गोळा करून नेमकं पॅनेलच्या पायाशी आणून सोडतो.

पडदा लावला की पॅनेल बसवण्याआधी पुन्हा तांब्या. पाणी तळाच्या भोकांतून जमिनीवर पडताना दिसलं आणि पडद्याची आपल्याकडची बाजू कोरडी राहिली, की मगच क्लिपा दाबायच्या. आजोबांनी हा दुसरा तांब्या स्वतः आत डोकावून बघितला, ओतायचं काम मला दिलं.

अजून एक, एमजीबीवाल्यांसाठी. पॅनेल काढलेलंच आहे तर पुढच्या तिकोनी काचेच्या खाली दाराच्या बाहेरच्या पत्र्याला चीर गेलीय का बघा. पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर ज्यांनी पाहिलीय त्यांना ती तिकोनी काच माहीत असेल. एमजीबी रोडस्टरची दारं तिथे चिरतात, हे जुनं दुखणं आहे. सुरुवातीलाच दिसली तर वेल्ड करून थांबवता येते.

ज्यांच्याकडे एमजीबी नाही, म्हणजे तुमच्यापैकी जवळजवळ सगळे, त्यांच्यासाठी. तुमच्या हॅचबॅकच्या दारातही असाच पडदा आहे. पावसाळ्यात दाराजवळचं कार्पेट ओलं होत असेल आणि गेल्या वर्षभरात स्पीकर बदलले असतील, किंवा काचेची मोटर दुरुस्त झाली असेल, तर सगळ्यात आधी संशय त्या पडद्यावर घ्या. आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्या गाडीचं दार उघडणार असेल, तर पॅनेल परत लावण्याआधी मला बोलवा म्हणून सांगा. पडदा जागेवर आहे का, आणि त्याची खालची कड आत आहे की बाहेर, दोनच गोष्टी बघायच्या आहेत.