यकृत आणि प्लीहा : आधी कोण बिघडलं?

सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या डॉ. बी. के. बसूंनी पुढे अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं. त्या चिनी वैद्यकात अवयव म्हणजे नुसता मांसाचा भाग नव्हे, तर कामाचं खातं. यकृताकडे ‘ची’ मोकळी वाहती ठेवायचं काम, प्लीहेकडे पचनाचं.

आता आपण एक उदाहरण घेऊ. रिसोडच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडला की माणूस आतल्या आत धुमसतो. बरगड्यांखाली ताण येतो, मग पोट फुगतं, शौचाला पातळ होतं. आधी कोण बिघडलं? रागाने त्रास वाढतो, नाडी तारेसारखी ताठ लागते, तर मूळ यकृतात. थकवा जुनाच, जीभ फिकट, कडांवर दातांचे ठसे, तर प्लीहाच मुळात कमजोर. पहिल्यात आपण भर देतो पायाच्या अंगठ्याजवळच्या खाचेतल्या ‘थायछोंग’ बिंदूवर, दुसऱ्यात गुडघ्याखाली चार बोटांवरच्या ‘झूसानली’वर. बहुतेकदा दोन्ही लागतात. प्रश्न फक्त जोर कुठे द्यायचा, एवढाच.

पण शौचातून रक्त, कावीळ किंवा घटतं वजन दिसलं, तर नाडी बघत बसायचं नाही. आधी दवाखाना गाठायचा.