फिडल कुठे गेलं?

माझी वसतिगृहातली रूममेट मडगावची. १९९९ साली पुण्यात शिकायला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत कॅसेटी दोनच होत्या. एक वडिलांनी दिलेली जिम रीव्हजची, दुसरी तिनं स्वतःच्या पैशानं घेतलेली शनाया ट्वेनची ‘कम ऑन ओव्हर’. दोन्ही अमेरिकन ‘कंट्री’ संगीतच आहेत, असं ती ठामपणे सांगायची आणि मला ते मुळीच पटत नसे. रीव्हज कानाशी येऊन हलक्या आवाजात गायचा. ट्वेनच्या गाण्यांत ड्रम असे दणाणायचे की खालून रेक्टरबाईंचं बोलावणं यायचं. मला तो सरळसरळ पॉप अल्बम वाटायचा.

दहा-बारा वर्षांनी न्यू जर्सीत मावसभावाकडे मुक्कामाला असताना त्याच अल्बमची अमेरिकेत विकली गेलेली सीडी हाती लागली. तीच सोळा गाणी, तोच आवाज. पण आमच्या कॅसेटची सुरुवात ‘यू आर स्टिल द वन’ या संथ गाण्यानं व्हायची. इथे दारातच ‘मॅन! आय फील लाइक अ वुमन!’ उभं होतं. आणि ओळ संपल्यावरच्या ज्या मोकळ्या जागा आमच्याकडे कीबोर्डनं भरलेल्या होत्या, तिथे फिडल वाजत होतं. स्टील गिटारीची लांब मींड ऐकू येत होती. त्या रात्री मी ती सीडी दोनदा ऐकली. आमच्या कॅसेटमधलं फिडल कुणी काढलं आणि का काढलं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त लोकसंगीताच्या हातानं वाजवलेलं. स्टील गिटार आपल्याला परकी नाही. हिंदी सिनेमातल्या गाण्यांच्या धुना ज्या हवाईयन गिटारीवर आपण ऐकल्या, तिचीच ही पेडल लावलेली धाकटी बहीण. तारांवर धातूचा दांडा सरकवायचा आणि सूर ओढत न्यायचा. ही दोन वाद्यं असली की कंट्री, नसली की पॉप, अशी ढोबळ वाटणी अमेरिकन श्रोता करतो. तिथे रेडिओ स्टेशनंही प्रकारवार वाटलेली आहेत. कंट्रीचं स्टेशन कंट्रीच लावतं, पॉपचं पॉप. ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या याद्याही तशाच वेगवेगळ्या. एका यादीतलं गाणं दुसरीत शिरलं की त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. शब्दाचा अर्थ कुंपण ओलांडणं एवढाच, पण कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमध्ये तो उच्चारला की कुणीतरी बाटल्याची बातमी कळावी तसे चेहरे होतात.

खरं तर हे बाटणं नॅशव्हिलनंच सुरू केलं. १९५० च्या दशकात रॉक अँड रोलनं तरुण श्रोता पळवला, तेव्हा चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि मागे गुणगुणणारा कोरस आणला. या घडणीला ‘नॅशव्हिल साउंड’ असं नाव पडलं. पॅट्सी क्लाइनचं १९६१ मधलं ‘क्रेझी’ त्यातलंच. जिम रीव्हजचं ‘ही’ल हॅव टू गो’ही त्यातलंच, १९६० मध्ये ते पॉपच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. गोव्यात आणि वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत आजही ज्याच्या नाताळगीतांशिवाय डिसेंबर सरत नाही, तो रीव्हज त्याच्या काळातला क्रॉसओव्हर गायक होता. माझ्या मैत्रिणीच्या दोन्ही कॅसेटी एकाच जातीच्या होत्या आणि तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला इतक्या उशिरा उमगलं.

मग भांडण कधी पेटलं? पुरुष निर्मात्यांनी स्टुडिओत बसून आवाज बदलला, तेव्हा त्याला धंद्याची गरज म्हटलं गेलं. १९७४ मध्ये ऑलिव्हिया न्यूटन-जॉन या ऑस्ट्रेलियात वाढलेल्या पॉप गायिकेला कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गायिकेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मात्र जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या कंट्री गायक जोडप्याच्या घरी कलावंत जमले आणि त्यांनी वेगळी संघटनाच काढली. पुढच्याच वर्षी त्याच असोसिएशनच्या सोहळ्यात कंट्री गायक चार्ली रिचनं मंचावर पॉप वळणाच्या जॉन डेन्व्हरचं नाव असलेला पुरस्काराचा कागद लायटरनं पेटवला. हे दृश्य थेट प्रक्षेपणात देशभर दिसलं.

या वातावरणात १९७७ साली कंट्री गायिका डॉली पार्टननं ‘हिअर यू कम अगेन’ केलं. गाणं न्यूयॉर्कच्या पॉप गीतकारांचं, बॅरी मान आणि सिंथिया वाइल यांचं. गाणं फारच पॉप होतंय अशी तिला धास्ती वाटली आणि तिनं निर्मात्याकडे हट्ट धरून त्यात स्टील गिटार घालून घेतली. कुणी म्हणालंच की हे कंट्री नाही, तर त्या गिटारीकडे बोट दाखवता यावं, एवढ्यासाठी. ते गाणं ऐकताना ती गिटार मला साक्षीदारासारखी वाटते. वाजते थोडी, पण कोर्टात हजर असते. गाणं पॉपच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि अल्बम दहा लाखांवर खपणारा तिचा पहिला अल्बम ठरला.

शनाया ट्वेन तर नॅशव्हिलची नव्हेच. जन्म १९६५ चा, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला, नाव आयलीन. वाढली टिमिन्स या खाणींच्या गावात, जिथे घरात कधी जेवणाची भ्रांत असे. आठव्या वर्षापासून ती दारूच्या गुत्त्यांत गायची. लहान मुलीला आत घेता यावं म्हणून दारू देणं बंद झाल्यावर, मध्यरात्रीनंतर. १९८७ मध्ये आई आणि सावत्र वडील मोटार अपघातात गेले. बाविसाव्या वर्षी धाकट्या भावंडांची जबाबदारी अंगावर घेऊन तिनं हंट्सव्हिलच्या एका रिसॉर्टमध्ये रोजचे कार्यक्रम केले. १९९३ मधला पहिला अल्बम फारसा चालला नाही, पण तो ऐकून एका माणसानं तिला फोन केला. तो रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग. ‘एसी/डीसी’चा ‘बॅक इन ब्लॅक’ आणि ‘डेफ लेपर्ड’चा ‘हिस्टेरिया’ ज्याच्या हातून घडले, तो रॉकचा निर्माता. टेलिफोनवर गाणी ऐकवता ऐकवता ओळख वाढली आणि वर्ष संपायच्या आत दोघांनी लग्न केलं.

लँगची कामाची रीत नॅशव्हिलच्या अगदी उलट होती. नॅशव्हिलचे वादक तीन तासांच्या एका बैठकीत दोन-तीन गाणी उरकतात, आणि त्यात त्यांची विद्या आहे. लँग एकेक आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून थरावर थर चढवतो. ड्रमचा ठोका पटांगणात घुमावा इतका मोठा, ध्रुवपदाला आवाजांची भिंत. १९९५ चा ‘द वुमन इन मी’ असा घडला आणि ४ नोव्हेंबर १९९७ ला आला ‘कम ऑन ओव्हर’. सोळाच्या सोळा गाणी दोघांनी मिळून लिहिलेली. त्यांतली बारा सिंगल म्हणून निघाली. कंट्री स्टेशनांना एक मिश्रण गेलं, पॉप स्टेशनांना स्टील गिटार मंद केलेलं दुसरं. परदेशासाठी तर सबंध अल्बमच नव्या वाद्यमेळात आणि नव्या क्रमात निघाला. माझ्या प्रश्नाचं साधं उत्तर हेच: फिडल लँगनंच काढलं होतं, माझ्यासारख्या श्रोत्यांसाठी.

आकडे थक्क करणारे आहेत. जगभरात चार कोटींवर प्रती. एकट्या अमेरिकेत दोन कोटींची मोहर. कंट्री अल्बमांच्या यादीत पन्नास आठवडे पहिला क्रमांक. आणि तरीही सर्वसाधारण यादीत तो कधीच पहिला आला नाही, दुसऱ्यावर थांबला. ‘यू आर स्टिल द वन’ही पॉपच्या यादीत दुसऱ्यावरच. अल्बम एका उडीत वर गेला नाही. दोन-अडीच वर्षं घरोघर झिरपत राहिला.

नॅशव्हिलनं काय म्हटलं? उघडं पोट दिसतं, ही पहिली तक्रार. ही मुलगी दौरे करत नाही, म्हणजे आवाज स्टुडिओत बनवलेला असणार, ही दुसरी. दुसरीचं उत्तर तिनं १९९८ मध्ये दिलं. मे महिन्यात ऑन्टॅरिओतल्या सडबरीपासून दौरा सुरू केला आणि मोठमोठी सभागृहं भरवली. १९९९ मध्ये ओटावाच्या कार्यक्रमात रेडिओची स्पर्धा जिंकून एक किशोरवयीन मुलगी तिच्याबरोबर गायला आली होती. तिचं नाव अ‍ॅव्हरिल लव्हीन, पुढे स्वतःही प्रसिद्ध गायिका झालेली. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशननं ट्वेनला ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ केलं. पण खदखद गेली नाही. २००० साली जॉर्ज स्ट्रेट आणि अ‍ॅलन जॅक्सन यांनी ‘मर्डर ऑन म्युझिक रो’ गायलं. कंट्रीचा खून झाला, असं त्या गाण्याचं म्हणणं. त्यालाही त्याच असोसिएशनचा पुरस्कार मिळाला.

ही सगळी चर्चा वाद्यांभोवती फिरली आणि शब्दांकडे फार थोड्यांनी पाहिलं, याचं मला वाईट वाटतं. ‘हनी, आय’म होम’ घ्या. दिवसभर राबून घरी आलेली बाई नवऱ्याला सांगते की आज मला थंड बीअर दे, माझे पाय चेप. ‘ब्लॅक आइज, ब्लू टिअर्स’ ही मार खाऊन घर सोडणाऱ्या बाईची गोष्ट आहे. आपल्या घरात आईला झालेली मारहाण ट्वेननं पुढे २०११ मधल्या आत्मकथनात लिहिली. हे गाणं कुठून आलं असेल, ते तिथे कळतं. संसार, कष्ट, दारू, मारहाण, तरी टिकून राहणं. हा तर कंट्रीचाच गाभा. गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं म्हटल्याबद्दल १९७५ मध्ये अनेक कंट्री स्टेशनांनी लॉरेटा लिनला वाजवायला नकार दिला होता. ट्वेन तिच्या घराण्यातली आहे. ड्रम मोठे झाले, पण स्वयंपाकघर तेच राहिलं.

नोव्हेंबर २००२ मध्ये आलेल्या ‘अप!’मध्ये तिनं आणि लँगनं हे भांडणच मिटवायचं ठरवलं. एकोणीस गाणी आणि प्रत्येकाची तीन रूपं: लाल तबकडी पॉपची, हिरवी कंट्रीची आणि निळी भारतीय वळणाची. अमेरिकेत लाल-हिरवी जोडी, बाहेर लाल-निळी. निळं रूप बर्मिंगहॅमच्या सायमन आणि डायमंड दुग्गल या भावांच्या मदतीनं तयार झालं, हिंदी सिनेमाच्या वाद्यमेळाच्या धाटणीत. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत ८ लाख ७४ हजार प्रती गेल्या. अमेरिकेत एक कोटीचा टप्पा गाठणारा तिचा हा सलग तिसरा अल्बम. हे दुसऱ्या कुठल्याही गायिकेला जमलेलं नाही.

निळी तबकडी मी मोठ्या आशेनं ऐकली. ठेके ओळखीचे, तंतुवाद्यांची वळणं ओळखीची, पण चाल त्यांच्यावर बसवल्यासारखी वाटते, त्यांच्यातून उगवल्यासारखी नाही. ‘फॉरेव्हर अँड फॉर ऑलवेज’ मात्र तिन्ही पोशाखांत उभं राहतं, कारण त्याची चाल पक्की आहे. तरीही ‘अप!’ मला ‘कम ऑन ओव्हर’पेक्षा दुय्यम वाटतो आणि त्याचं कारण या तीन तबकड्यांतच आहे. आधीच्या अल्बमच्या अमेरिकन प्रतीत रॉकचा ड्रम आणि खेड्यातलं फिडल एकाच गाण्यात एकमेकांशी झगडतात. त्या झगड्यातच त्याचा जीव आहे. ‘अप!’मध्ये दोघांना वेगवेगळ्या ताटांत वाढलं. सगळ्यांना हवं ते मिळालं आणि गाण्यातला ताण गेला.

पुढची मंडळी या वाटेनं झपाट्यानं गेली. फेथ हिलचं ‘ब्रीद’ २००० सालच्या बिलबोर्डच्या वार्षिक यादीत पहिलं आलं. टेलर स्विफ्टनं तर साक्षीदार ठेवलाच नाही. २७ ऑक्टोबर २०१४ च्या ‘१९८९’मध्ये फिडल नाही, बँजो नाही, हा पॉप अल्बम आहे, असं तिनं आधीच जाहीर करून टाकलं. पहिल्या आठवड्यात १२ लाख ८७ हजार प्रती, २०१६ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी. तिचा निर्णय सरळ होता आणि मला तो आवडतो, पण कंट्री रेडिओवर बायकांसाठी आधीच थोडी असलेली जागा त्यानं वाढली नाही. उलट दिशेनं आलेल्या बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला २०२४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचं एकही नामांकन मिळालं नाही, पुढच्या फेब्रुवारीत त्याच अल्बमनं सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी घेतलं. ज्या काळ्या कलावंतांकडून बँजो या संगीतात आला, त्यांच्या वारसदारालाही दारात ओळख विचारली गेली.

मडगावच्या मैत्रिणीशी परवा फोनवर बोलले. कॅसेट तिनं जपून ठेवली आहे, वाजवायला यंत्र नाही. मी तिला ‘यू आर स्टिल द वन’ची अमेरिकन प्रत ऐकायला सांगितली. तुम्हालाही सांगते. दोन्ही प्रती आज सहज मिळतात. आधी आपली ऐका, मग त्यांची. पहिलं ध्रुवपद संपल्यावर थांबा आणि पाठीमागे काय वाजतं आहे, तिकडे कान द्या.