गाणं ३२० केलं म्हणजे सुधारलं?

‘माझी सगळी जुनी गाणी मी ३२० केबीपीएसची करून घेतली!’ पेनड्राइव्ह भरून गाणी बाळगणाऱ्या घरांत हे वाक्य कुणी ना कुणी अभिमानानं ऐकवतंच. हल्ली त्यापुढची पायरीही आली आहे. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीची थेट फ्लॅक फाइल करायची आणि तिला ‘एचडी’ म्हणायचं. फाइल फुगते, हे खरं. आवाज सुधारतो, हे साफ खोटं.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा, तोही डावा-उजवा असा दुहेरी. गुणाकार करा, सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. १२८ च्या एमपीथ्रीत त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. कानाला काय जाणवणार नाही याचा अंदाज बांधून एन्कोडर काटछाट करतो. तबल्यावर जोरकस थाप पडली की त्या क्षणी तिच्या आसपासच्या कंपनसंख्यांचे बारीक आवाज झाकले जातात. मग ते ढोबळपणे नोंदवायचे किंवा सरळ गाळायचे. युक्ती हुशारीचीच आहे, पण गाळलेलं कुठेही जपून ठेवलेलं नसतं. कन्व्हर्टर ते आणणार कुठून? ताकाचं पुन्हा दूध करणारं यंत्र अजून निघालेलं नाही. उलट १२८ वरून ३२० करताना तीच काटछाट दुसऱ्यांदा होते. पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीचं बारा एमबी होतं आणि आवाज झाला तर किंचित खालावतोच.

पटत नसेल तर ‘स्पेक’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि फाइल त्यात टाका. सीडीवरून नीट केलेल्या फ्लॅकचा आलेख बहुधा २० हजार हर्ट्झच्या पुढे जातो. १२८ चा सोळा-सतरा हजारांपाशी पट्टीनं कापल्यासारखा थांबतो. आता तुमची ‘एचडी’ फ्लॅक उघडा. काप त्याच जागी दिसेल. (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरची गाणी या परीक्षेला घेऊ नका. त्यांत वरच्या कंपनसंख्या मुळातच फारशा नोंदलेल्या नाहीत.)

‘पण मला फरक ऐकू येतो!’ येत असेल. काही कन्व्हर्टर गुपचूप आवाज वाढवतात, आणि किंचित मोठा आवाज कानाला सहसा सरस वाटतो. दोन्ही फाइलींचा आवाज सारखा करा, कोणती वाजते आहे ते दुसऱ्याच्या हाती सोपवा, आणि मग सांगा.

बाकीचे गैरसमज किरकोळ. फाइलच्या नावातलं .mp3 खोडून .flac लिहिलं की रूपांतर होत नाही. फक्त नाव बदलतं. फाइलचं नाव म्हणजे टॅग नव्हे. टॅग म्हणजे फाइलच्या आत नोंदलेली शीर्षक, गायक वगैरे माहिती, आणि प्लेअर सहसा तीच वाचतो. टॅग दुरुस्त केल्यानं आवाज बिघडत नाही, कारण टॅगचा मजकूर ध्वनीपासून वेगळा साठवलेला असतो. फ्लॅकमध्ये काहीच गाळलं जात नाही, त्यामुळे वेव्ह (.wav) फाइलची फ्लॅक करून परत वेव्ह केली तरी ध्वनी बिट न् बिट तोच मिळतो.

देवनागरी टॅग चालत नाहीत, हाही असाच समज. एमपीथ्रीचे टॅग ज्या आयडीथ्री पद्धतीनं लिहितात तिच्या १९९६ सालच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला अवघे ३० बाइट होते, युनिकोडची सोयही नव्हती. नंतरच्या २.३ आवृत्तीत यूटीएफ-१६ आहे. एमपीथ्रीटॅगसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय निवडला की मराठी नावं नीट राहतात. मात्र जिथे आधीच ‘????’ झालं आहे तिथली अक्षरं गेली. ती पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही.

बसलाच आहात तर ‘अल्बम आर्टिस्ट’ही भरा. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर सादर झालं तेव्हा त्यातली ५६ गाणी वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. तो रकाना रिकामा ठेवला तर कित्येक प्लेअर एकाच संचाचे गायकागणिक तुकडे करतात. तिथे संगीतकार म्हणून सुधीर फडके लिहा, गायकाचं नाव ‘आर्टिस्ट’मध्ये ठेवा आणि गदिमांना गीतकाराच्या रकान्यात जागा द्या.

कपाटात मूळ सीडी असेल तर ३२० चा नाद सोडा आणि तिच्यावरून नव्यानं फ्लॅक करा. सीडी नसेल तर आहे ती १२८ ची फाइल तशीच राहू द्या, आणि ‘सुधारलेली’ प्रत केलीच असेल तर तिच्या भरवशावर मूळ फाइल पुसू नका.