प्रश्न वॉर्डातला

रुग्णालयात संशोधन कसं रुजतं? एक उदाहरण पाहू. १९२३ साली बोस्टन सिटी हॉस्पिटलच्या आवारातच थॉर्नडाइक प्रयोगशाळा सुरू झाली. पर्निशिअस अ‍ॅनिमिया हा रक्तक्षय तेव्हा जीवघेणा होता. रोज भरपूर यकृत खाल्लं की रोगी सुधारतात, हे १९२६ मध्ये कळलं. पण निरोगी माणसाला यकृत लागत नाही, मग रोग्यालाच का? तिथल्या विल्यम कॅसल यांनी रोग्यांना दहा दिवस नुसतं गोमांस दिलं. फरक नाही. मग निरोगी माणसाच्या जठरातून काढलेलं अर्धवट पचलेलं गोमांस नळीने दिलं. रक्तात नव्या तांबड्या पेशी वाढल्या! म्हणजे उणीव रोग्याच्या जठररसात होती. अन्नातला जोडीदार घटक, ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये वेगळा करता आला. आता आपण वर्गात विचारू या: आधी नुसतं मांस का दिलं असेल?