संगणकाच्या नोंदींची एक प्रत घाटापलीकडे हवी

मालवण - मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे सरकले. देवगड, मालवण, वेंगुर्ले तालुक्यांत विजेचे खांब कोसळले, अनेक गावे काही दिवस अंधारात राहिली आणि मोबाईल सेवाही विस्कळित झाली. उडालेली कौले पुन्हा घालता येतात. परंतु ज्या सर्व्हरवर संस्थेचे सारे हिशेब आहेत तोच निकामी झाला आणि दुसरी प्रत नसेल, तर ते हिशेब पुन्हा उभे करणे दुरापास्त ठरते.

एक यंत्र, अनेक संगणक

पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर लागे. आता 'हायपरव्हायजर' ही प्रणाली एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशिन, चालविते. पतसंस्थेची ठेवखाती एकावर, कर्जखाती दुसऱ्यावर, अशी विभागणी होते. प्रत्यक्षात असा प्रत्येक संगणक म्हणजे मोजक्या फायली असतात. सर्व माहिती सामावणारी मोठी डिस्क फाईल आणि रचनेचा तपशील देणारी लहान फाईल या त्यांतील मुख्य होत. डिस्क फाईलला व्हीएमवेअरमध्ये 'व्हीएमडीके', तर मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये 'व्हीएचडीएक्स' म्हणतात. या फायलींची प्रत म्हणजे संपूर्ण संगणकाचीच प्रत. मात्र मूळ यंत्र बिघडले तर सर्व कामे एकाच वेळी ठप्प होतात.

चालू वहीची नक्कल

कारकून खतावणी लिहीत असतानाच तिची नक्कल सुरू केली, तर पहिले पान सकाळचे आणि शेवटचे पान संध्याकाळचे येईल. बेरजा जुळणार नाहीत. चालू डिस्क फाईल थेट उचलल्यास हेच घडते. त्यासाठी आधी 'स्नॅपशॉट' घेतला जातो. त्या क्षणी मूळ फाईल स्थिर होते व नव्या नोंदी वेगळ्या फाईलमध्ये जातात. मूळ फाईलची प्रत पूर्ण झाली की नव्या नोंदी तिच्यात विलीन केल्या जातात. डेटाबेस असल्यास त्याला अर्धवट नोंदी आधी डिस्कवर उतरविण्याची सूचना द्यावी लागते. काम झाल्यावर स्नॅपशॉट काढायचा राहिला, तर वेगळी फाईल फुगत जाते आणि साठवणुकीची जागा भरून संगणक थांबू शकतात.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

स्नॅपशॉट मूळ फाईलवरच अवलंबून असतो आणि बहुधा त्याच यंत्रावर राहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'ईएसएक्सआयआर्ग्स' या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरातील हजारो व्हीएमवेअर सर्व्हरवरील आभासी संगणकांच्या फायली कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीतून ते शिरल्याचे मानले जाते, तिची दुरुस्ती दोन वर्षांपूर्वीच उपलब्ध झाली होती. म्हणून बॅकअपची जागा वेगळी हवी, तिचा पासवर्डही वेगळा हवा आणि किमान एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी.

प्रत कोठे ठेवावी?

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्यत्र, असा सर्वमान्य संकेत आहे. मालवणची प्रत कुडाळला ठेवली तरी दोन्ही ठिकाणे एकाच वादळाच्या टप्प्यात येतात. कोल्हापूर किंवा बेळगाव, म्हणजे सह्याद्रीपलीकडचे ठिकाण, अधिक सुरक्षित. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली. तेथील एका साठवण प्रणालीत शासकीय कर्मचाऱ्यांच्या ८५८ टेराबाईट फायली होत्या. बाहेर बॅकअप नसल्याने त्या नष्ट झाल्या.

अंतराबरोबर वेगाचाही विचार हवा. १०० जीबीची फाईल सेकंदाला २० मेगाबिट वेगाने पाठविण्यास सुमारे ११ तास लागतात. त्यामुळे पहिली पूर्ण प्रत हार्ड डिस्कवरून प्रत्यक्ष न्यावी आणि नंतर केवळ बदललेला भाग रोज पाठवावा. तो २ जीबी असेल, तर सुमारे १३ मिनिटे पुरतात.

परीक्षा पावसाळ्यापूर्वी

जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही. आगोटीच्या कामांतच एक दिवस यासाठी राखावा. बॅकअपमधील आभासी संगणक दुसऱ्या यंत्रावर, नेटवर्कपासून अलग ठेवून सुरू करावा, शेवटची नोंद तपासावी आणि त्यास किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. वीज गेल्यावर यूपीएस संपण्याआधी प्रथम आभासी संगणक आणि मग मूळ यंत्र आपोआप बंद होते का, हेही त्याच दिवशी पाहावे. वादळाचा इशारा मिळाल्यानंतर या कामांना वेळ उरत नाही.