शीरखुर्म्याची वाटी आणि दोन तासांचा पहारा

मगरिबची अजान होते. रावेरच्या एखाद्या मोहल्ल्यातल्या घरात दस्तरखान मांडलेले आहे. खजूर, केळीचे काप, भजी, सरबत. अम्मीने खजूर तोंडात टाकून रोजा सोडला आहे, तेवढ्यात सहा वर्षांचा मुलगा शेजारून धावत येतो. हातात अर्धी बर्फी, वर पिस्त्याचे काप. या मुलाला काजू-पिस्ता चालत नाही. मागे एकदा अंगभर गांधी उठल्या होत्या.

“खाल्लीस का रे?”

“थोडीशी... नाही, नुसती चाटली.”

बर्फी पोटात गेली की नाही, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. दादी म्हणते, “एवढ्याशाने काय होतंय?” अम्मीची ताटली मात्र तशीच राहते. तिचे डोळे मुलाच्या ओठांवर आणि भिंतीवरच्या घड्याळावर.

अशी संध्याकाळ कोणत्याही घरात येऊ शकते. रमजानमध्ये सुकामेवा घरोघरी फिरतो आणि ईदला शीरखुर्म्याच्या वाट्या गल्लीभर जातात. त्यात काजू, बदाम, पिस्ता, चारोळी सगळेच असते. दिवाळीला फराळाची ताटे उलट दिशेने येतात. आणि खानदेशात शेंगदाणा तर चटणीपासून रश्श्यापर्यंत कुठेही असतो.

बहुतेकांना हे पदार्थ पौष्टिकच. पण काही मुलांचे शरीर त्यातल्या प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्यावर तुटून पडते. ही ॲलर्जी. तिचे सर्वांत घातक रूप म्हणजे ॲनाफिलॅक्सिस. हे नाव १९०२ मध्ये पोर्तिए आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिले. या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. शेंगदाणा हा खरे तर हरभऱ्या-मुगासारखा शेंगवर्गातला, तर काजू, पिस्ता आणि सातपुड्यात मिळणारी चारोळी एका कुळातली. म्हणून एखाद्या मुलाला शेंगदाणा बाधतो पण बदाम पचतो. काजू बाधणाऱ्याला मात्र पिस्ताही अनेकदा बाधतो. नेमके काय टाळायचे, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

शंका आली की पहिले काम म्हणजे तोंडातला घास थुंकायला लावणे, चूळ भरायला देणे, हात साबणाने धुणे. नुसते पाणी पुरत नाही. घशात बोट घालून उलटी करवू नये. मग मुलाला एकटे सोडायचे नाही. खाण्यातून होणारा त्रास बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत दिसतो. मूल झोपले तरी दिवा चालू ठेवून कुणीतरी उशाशी बसावे.

पाहायचे काय? अंगावर गांधी, ओठ किंवा डोळे सुजणे, जीभ खाजणे, पोटात कळ, पुन्हा पुन्हा उलटी. “घशात काहीतरी अडकलंय” असे मूल म्हणाले तर ते नाटक समजू नये. आवाज बसणे, खोकल्याची उबळ, श्वासाला घरघर, चेहरा पांढरा पडणे, खेळते मूल एकदम गळून जाणे, ही धोक्याची घंटा. मग आणखी लक्षणांची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचा दवाखाना गाठायचा. मुलाला चालवू नये. आडवे झोपवून पाय थोडे उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावे. ज्या मुलाला पूर्वी मोठा त्रास झाला आहे, त्याला शंका येताच दवाखान्यात नेलेले बरे. जळगाव किंवा बुऱ्हाणपूरची वाट लांबची आहे. आधी जवळचे ग्रामीण रुग्णालय.

घरात खाजेची गोळी असतेच. ती खाज कमी करते, पण बंद होणारा श्वास आणि कोसळणारा रक्तदाब थांबवत नाही. ते काम ॲड्रेनॅलिनचे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेले हे इंजेक्शन महागडे नाही, पण उशीर महागात पडतो. त्रास थांबल्यावरही लगेच घरी यायची घाई नको. काही तासांनी तो पुन्हा उसळू शकतो, म्हणूनच डॉक्टर थांबवून ठेवतात.

थोरल्या मुलांचे आणखी एक. सहेरीत चुकून काही खाल्ले आणि फजरनंतर त्रास सुरू झाला, तर “रोजा मोडेल” म्हणून औषध टाळू नये. आजारी माणसाने रोजा सोडून पुढे भरून काढावा, ही सवलत कुरआनातच दिलेली आहे.

बाजारातल्या पाकिटावर शेंगदाणे किंवा सुकामेवा असल्याचे छापणे २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. शेजारून आलेल्या वाटीवर मात्र लेबल नसते. तिथे देणाऱ्यानेच सांगायचे असते, “भाभी, यात काजू आहे हं.” घेणाऱ्यानेही संकोच सोडून विचारावे, “ताई, लाडवात दाणे घातलेत का?” असे विचारले म्हणून कुणाचा अपमान होत नाही. उलट, आपल्या वाटीने कुणाच्या लेकराला बाधू नये, हीच तर देणाऱ्याची इच्छा असते.

इकडे त्या घरात दोन तास सरतात. मुलाचे ओठ नेहमीसारखे, श्वास शांत. गांध एकही नाही. अम्मी आता कुठे ताटली पुढे ओढते. भजी केव्हाच गार झालेली. शेजारच्या काकू दारात येऊन विचारतात, “बरा आहे ना गं?” आणि जाताना सांगून जातात, “उद्यापासून त्याची बर्फी वेगळी. पिस्ता नाही घालायची मी.”